कुवेतहून आंतरदेशीय

"कोण निघालंय?"

दार उघडं दिसलं की पाळकसाहेब आधी हे विचारायचे. चहा झाला का, तब्येत कशी आहे, हे सगळं नंतर. लिफ्टमध्ये एखादा अनोळखी माणूस नवी कोरी बॅग घेऊन शिरला तरी हे आपले हसून म्हणणार, "काय, निघालात वाटतं?" त्या बिचाऱ्यानं बॅग नुसती सेलमधून उचललेली असायची. तो गोंधळून माझ्याकडे बघायचा आणि मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहायचे.

आखातात दिवस काढलेल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. गावी कोण चाललंय याची चौकशी इथं प्रत्येक जण करतो. कुणाला आईसाठी खजूर पाठवायचा असतो, कुणाला तिकडून गोडा मसाला मागवायचा असतो. निघालेल्या माणसाची बॅग त्याची एकट्याची कधीच नसते. पाळकसाहेबांची मागणी मात्र अगदी हलकी होती. दर आठवड्याला एक निळं आंतरदेशीय पत्र न्यायचं आणि मुंबईत उतरल्यावर दिसेल त्या पेटीत टाकायचं.

होय, आंतरदेशीयच. येताना ते गावच्या पोस्टातून त्यांचा गठ्ठाच घेऊन आले होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. म्हटलं, "पाळकसाहेब, हे देशातल्या देशात चालतं. हा कुवेत आहे."

"पेटीत कुठं पडणारे ते? मुंबईला ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग झालं तर. पोस्टाला काय ठाऊक, शाई कुठं वाळली."

आम्ही राहतो फहाहीलला. आमच्या समोरच्या दारात करुणा राहते. दवाखान्यात नर्स आहे, नवरा अहमदीला नोकरीला. पाळकसाहेब तिचे वडील, तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे पाहुणे म्हणून आलेले. उंच, काटकुळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. उन्हात निघाले की काळी छत्री उघडायची. इथं माणसं घरातून गाडीत आणि गाडीतून मॉलमध्ये जातात, त्यामुळे फूटपाथवरून छत्री घेऊन चालणारा हा म्हातारा सगळ्या गल्लीला आठवड्याभरात ओळखीचा झाला.

त्यांचं गाव शेवगावच्याही पुढं. तिथं एक छोटं दगडी देऊळ आहे. ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात हे मला, अस्सल सोलापूरच्या बाईला, तेव्हा कळलं. मंडळीत, म्हणजे त्या देवळाला धरून असलेल्या लोकांत, मोजकी घरं. पाळकसाहेब, म्हणजे तिथले पाद्री, निवृत्त झाले आणि एवढ्याशा मंडळीला नवा पाळक कुणी दिला नाही. मग निवृत्त माणूसच दर रविवारी घंटा वाजवून उपासना घेत राहिला. करुणा वर्षानुवर्षं बोलवत होती आणि हे म्हणत होते, "मी आलो तर देवळाला कुलूप लागेल."

शेवटी मंडळीनंच त्यांना ढकललं. बायको जाऊन किती काळ लोटला, लेकीचा संसार एकदा डोळ्यांनी बघून तरी या, म्हणाले. हे तयार झाले ते एका अटीवर. दर रविवारी त्यांचं पत्र पोचेल. मंडळीतले वडीलधारे रतनराव घंटा वाजवतील, सगळे जमतील, गाणी होतील, आणि उपदेशाच्या जागी ते पत्र मोठ्यानं वाचलं जाईल.

"पत्र आलं तर घंटा वाजेल. घंटा वाजली तर माणसं येतील," ते मला समजावून सांगत. "माणसाला एकत्र बसायची सवय लावायला पिढ्या लागतात, ताई. मोडायला दोन-चार रविवार पुरे."

मला आधी वाटलं, म्हातारा उगाच घोर लावून घेतोय. पण पत्र जायला उशीर होईलसं दिसलं की त्यांचं जेवणावरून लक्ष उडायचं. तेव्हा कळलं, की हा माणूस इथं करुणाच्या सोफ्यावर बसलेला असला तरी त्याचा जीव तिकडे घंटेच्या दोरीला टांगलेला आहे.

ही पत्रांची कल्पना त्यांना सुचली कुठून? तर एका गोऱ्या साहेबावरून. फार पूर्वी, दीडेकशे वर्षांमागं, त्यांच्या गावच्या मिशन बंगल्यात एक पाद्री आला होता. मिशनच्या कामाला नव्हे. त्याची बहीण तिथल्या मिशनरीला दिलेली, तिच्याकडे तो हिवाळाभर पाहुणा होता. तिथून तो आपल्या गावच्या मंडळीला पत्रं धाडायचा आणि ती तिकडच्या देवळात सगळ्यांपुढं वाचली जायची. त्यांच्या नकला बंगल्याच्या कपाटात होत्या. तरुणपणी पाळकसाहेबांनी त्या डिक्शनरी घेऊन वाचून काढल्या.

"काय लिहायचा तो?" मी विचारलं.

"लिहायचा, इथल्या बाया दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून भाकरी तयार करतात. लोक जमिनीवर बसून प्रार्थना करतात आणि टाळ कुटतात. आणि लिहायचा, इथल्या उन्हाचं वर्णन करणं अशक्य आहे. त्यानंतर दोन पानं उन्हाचं वर्णन." ते खुदखुदून हसले. "आता बघा, तोही पाद्री, मीही पाद्री. तो बहिणीकडे पाहुणा, मी लेकीकडे. ऊन तेवढं जास्तीचं माझ्या वाट्याला आलं."

शनिवारी मला सुट्टी. एरवी शर्कच्या ऑफिसात हिशेब तपासून डोकं उठलेलं असायचं, शनिवारी दुपारी जरा पडावं म्हटलं की बेल वाजलीच. "कान द्या जरा," म्हणत हे पत्राचा कच्चा मजकूर घेऊन हजर. माझा नवरा अम्गऱ्याच्या लाकडाच्या वखारीत सुपरवायझर. तोही त्या दिवशी घरी असे, पण कान द्यायची वेळ आली की त्याला नेमकी गाडी धुवायची आठवण व्हायची.

"प्रभूमध्ये प्रिय मंडळीस सलाम," अशी सुरुवात. मग: "इथली भाकरी सुपाएवढी असते आणि भट्टीत भाजतात. पण ती थापणारी बाई नसून दाढीवाला इराणी पुरुष आहे. आपल्या पुरुषांनी बोध घ्यावा." किंवा: "शर्क येथील मासळीबाजार पाहिला. बर्फ इतका, की माशांना सर्दी व्हावी." किंवा: "इथं नदी नाही, विहीर नाही. समुद्राचं खारं पाणी यंत्रात घालून गोड करतात व तेच पितात. तरी आपल्या हापशाला यापुढं कुणी नावं ठेवू नयेत." आणि या असल्या गमतीतून हळूच ते मूळ मुद्द्यावर येत. गावात कुणाशी कुणाचा अबोला आहे, कुणाची म्हातारी एकटी पडली आहे, ते सगळं त्यांना इथं बसून ठाऊक. नाव न घेता दोन शब्द असे लिहीत, की ज्याला लागायचे त्याला बरोबर लागावेत.

मी हसले की ते पेन्सिलीनं तिथं खूण करीत. पत्रात मग कंसात लिहिलेलं असे, "रतनरावांनी इथं थांबावं." एकदा लिहिलं होतं, "इथं थांबून शांताबाईंकडे बघावं." म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "तिला डुलकी लागते. सगळ्यांनी बघितलं की जागी होते, आणि जागी झाली की तिचं ती हसते, मग सगळे हसतात. तेवढंच जरा बरं वाटतं मंडळीला."

पत्र तयार झालं की ते नेणारा शोधायचा. इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे आपल्या किराणा दुकानात, हमीदभाई बसतात. रत्नागिरीकडचे. आमच्या भागातून कोण कुठल्या विमानानं जातंय हे एअरलाइनच्या आधी त्यांना कळतं. पाळकसाहेब दुकानाच्या पायरीवर छत्री मिटत विचारायचे, "कोण निघालंय?" आणि हमीदभाई फ्रीजरमधून डोकं बाहेर न काढता सांगायचे, "मंगळवारी माझा साडू जातोय, द्या इकडे. पण पाळकसाहेब, दुसऱ्याच्या धर्माचं टपाल पोचवतो म्हणून मला काय मिळणार वर?"

"वरचं वर बघू. खाली माझ्याकडून चहा," ते म्हणायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. हा प्रश्न ते करुणाच्या घरात विचारत तेव्हा सगळ्यांवरून फिरून त्यांची नजर शेवटी तिच्यावर जाऊन थांबायची. तीही गावी गेलेली नव्हती कित्येक वर्षं. दर वेळी रजेचा अर्ज, दर वेळी कुणीतरी आजारी, कुणाची तरी ड्यूटी. ती सिंकमधल्या भांड्यांकडे बघत म्हणायची, "मला कुठली रजा, पप्पा." ते लगेच विषय बदलायचे.

इथल्या चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना उपासना घ्यायला सांगितलं. सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. पाळकसाहेब आधी हबकलेच. "शुक्रवारी? रविवार कुठं गेला?" रविवारी सगळे कामावर, हे समजल्यावर कबूल झाले, पण रविवारी सकाळी आपल्या खोलीत एकट्यानं पुन्हा उपासना करायचे. करुणा म्हणायची, "पप्पांचा आठवडा आमच्यापेक्षा मोठा आहे."

त्या शुक्रवारांना आम्हीही जाऊ लागलो. धर्मासाठी नव्हे, खोटं कशाला बोलू. मोठ्या आवाजात, एकत्र म्हटलेलं मराठी ऐकायला. एकदा त्यांनी करुणाच्या हॉलमध्ये हंगामाचा सण केला. त्यांच्याकडे रीत अशी, की पिकलेलं जे असेल ते ज्यानं त्यानं देवळात आणायचं आणि त्याचा लिलाव करायचा. कुवेतमध्ये काय पिकणार? मी गॅलरीतल्या कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी नेली. पाळकसाहेबांनी ती हातात उंच धरून अशी काही बोली पुकारली, की बाया इरेला पेटल्या. शेवटी जिन्यातून कुणीतरी सगळ्यांच्या वरचा आकडा ओरडलं. बघतो तर हमीदभाई, दूध पोचवायला आलेले. करुणाची मुलगी टाळ्या पिटत इंग्रजीत ओरडली आणि आजोबा मराठीत हसले. एवढ्या मोठ्यानं हसताना मी त्यांना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग ती धुळीच्या वादळाची वेळ आली. आकाश विटकरी झालं, विमानं अडकली. हमीदभाईंचा पुतण्या पत्र खिशात घालून विमानतळावर बसलेला आणि तिथूनच परत आला. पाळकसाहेब दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागले. रविवारपर्यंत पत्र पोचणं शक्य नव्हतं. ड्यूटीवरून आलेली करुणा ते बघत होती. तिनं पत्र उलगडलं, मोबाइलनं फोटो काढले आणि रतनरावांच्या सुनेला पाठवून दिले. तिनं ते मंडळीच्या ग्रुपवर टाकले. पाळकसाहेबांचा चहा निवायच्या आत तिकडून 'आमेन' यायला सुरुवात झाली. जोडलेले हात, फुलं, कबुतरं.

आम्ही सगळ्यांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. आणि पाळकसाहेबांचा चेहरा! लहान मुलाच्या हातात भिंगरी द्यावी तसा. "शांताबाईनं पण वाचलं? तिला मोबाइल कुणी दिला?"

तेव्हापासून दर शनिवारी फोटो जाऊ लागले. आंतरदेशीयांचा गठ्ठा कपाटात गेला. करुणा खुशीत होती. व्हिसा वाढवून घेता येईल का, याची चौकशी तिनं सुरू केली. "आता इथंच राहा, पप्पा. तुमचं काम काही अडत नाही," ती म्हणायची, आणि तिच्या आवाजात इतकी आशा असायची, की ऐकणाऱ्यानं नाही कसं म्हणावं. ते 'नाही' म्हणत नव्हते. व्हिसा वाढलाही. आणि "कोण निघालंय?" बंद झालं. हमीदभाई मला विचारायचे, "पाळकसाहेब रागावले काय माझ्यावर?"

असेच काही शनिवार गेले. मी समोर गेले होते, पत्राला कान द्यायला. त्या आधी त्यांनी सहज रतनरावांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मागच्या रविवारी कोण कोण होतं उपासनेला?"

तिकडून रतनराव घुटमळले. "आता... पत्र तर शनिवारीच येतंय ना साहेब. सगळे आपापल्या घरी वाचून काढतात. चांगलं वाचतात, हां. मग रविवारी परत येऊन तेच काय ऐकायचं, म्हणतात."

"घंटा?"

"मी वाजवली पहिल्यांदा एक-दोनदा. मग मी अन् शांताबाईच. मग तिचे गुडघे धरले."

"म्हणजे देऊळ बंद आहे?"

"बंद म्हणजे... पडवीत कुणाकुणाच्या शेळ्या बसतात दुपारच्या."

पाळकसाहेबांनी फोन टेबलावर ठेवला. करुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते कितीतरी वेळ समोरच्या पत्रावरून बोट फिरवत राहिले. पेन्सिलीच्या खुणेपाशी थांबले. "इथं थांबून शांताबाईंकडे बघावं, असं लिहीत राहिलो मी," ते म्हणाले. "आणि वाचणारा प्रत्येक जण घरात एकटा."

"मी काय वाईट केलं, पप्पा?" करुणाला रडू फुटलं.

"तू कशाला वाईट करशील गं? तू पत्र पोचवलंस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला पत्र पोचवायचंच नव्हतं, ताई. मला माणसं बोलवायची होती. हे माझ्याच ध्यानातून गेलं."

त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. फोटो बंद केले. पुन्हा निळं आंतरदेशीय, पुन्हा हमीदभाईंच्या ओळखी. पण गाडी एकदा रुळावरून घसरली ती घसरलीच. रतनरावांनी घंटा वाजवली तर लोक घरून फोन करून विचारू लागले, पत्र ग्रुपवर कधी टाकताय?

मग एका सकाळी ते आमच्या दारात आले. नेहमीसारखे छत्रीवर रेलून उभे. मी सवयीनं म्हटलं, "या आठवड्यात आमच्यातलं कुणी नाही निघालेलं."

"मी निघालोय," ते म्हणाले.

करुणानं अडवलं नाही. तिला अडवायचं होतं, ते दिसत होतं. ती त्यांचे शर्ट घडी करायची, पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी करायची. मला म्हणाली, "आईच्या माघारी पहिल्यांदा कुणीतरी मी घरी यायची वाट बघत होतं." निघायच्या दिवशी साऱ्या इमारतीनं त्यांच्या बॅगेत काही ना काही कोंबलं. आजवर दुसऱ्यांच्या बॅगा मागणाऱ्या माणसाची बॅग बंद होईना. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. स्वतःचे दोन शर्ट मात्र मागं ठेवून गेले.

त्यानंतर उलटा व्यवहार सुरू झाला. तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हातानं आम्हा शुक्रवारच्या लोकांना पत्र यायचं. वर मोठ्या अक्षरात: "सर्वांनी बसल्याशिवाय उघडू नये." करुणा ते वाचायची आणि थांबायच्या जागी थांबायची. त्यांनी शेळ्या हाकलल्या होत्या. घरोघर जाऊन बसत होते. कुणी आलं, कुणी नाही आलं. "शांताबाईस हाताला धरून आणतो. ती येते व झोपते. तरी एक माणूस वाढतो," असं लिहिलं होतं. मंडळी पहिल्यासारखी भरल्याचं मात्र कुठल्याच पत्रात नव्हतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ: "तिकडून कोण निघालंय?" करुणा ही ओळ वाचायची आणि कागदाची घडी करायची. तिनं रजेचा अर्ज दिला होता. मंजूर व्हायचा होता.

थंडी सुरू झाली आणि एका शनिवारी सकाळी रतनरावांच्या सुनेचा फोन आला. पाळकसाहेब पहाटे गेले. झोपेतच.

मी धावत समोर गेले. करुणा नुकती ड्यूटीवरून आलेली, अंगावर अजून तोच गणवेश. फोनमधून सून रडत रडत सांगत होती, "ताई, तुम्ही एवढ्या लांबून कुठं धावपळ करता. रजेचं पण तुमचं... आम्ही सगळं लाइव्ह दाखवतो. ग्रुपवर सगळ्यांना तेच सांगितलंय. तिथूनच बघा."

"नाही," करुणा म्हणाली. "काही दाखवू नकोस. ग्रुपवर लिही, कुणालाही घरी बसून दिसणार नाही. ज्याला पप्पांना बघायचंय त्यानं देवळात यायचं. मी येईपर्यंत बसून राहा म्हणावं सगळ्यांना. एकत्र."

फोन ठेवून तिनं दवाखान्यात कळवलं. विचारलं नाही, कळवलं. मी तिच्या बॅगेत दोन साड्या टाकल्या. तिच्या कपाटात त्यांचे मागं ठेवलेले शर्ट होते, तेही तिनं घेतले. सोबत द्यायला आज कुणाकडे काही नव्हतं, आणि बॅग अगदी हलकी होती.

आम्ही खाली उतरलो. हमीदभाई पाठमोरे होते, फ्रीजरमध्ये दुधाच्या बाटल्या लावत होते. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. बॅगेच्या चाकांचा आवाज ऐकून त्यांनी डोकं बाहेर न काढताच, पाळकसाहेबांच्या चालीवर विचारलं, "कोण निघालंय?"

पाळकसाहेब इथं होते तोवर, आणि नंतर त्यांच्या प्रत्येक पत्रातून, हा प्रश्न तिच्यापर्यंत येत राहिला होता. ती दुकानाच्या पायरीशी थांबली.

"मी, हमीदभाई," ती म्हणाली. "मी निघालेय."